माझ्या डोक्यावर काहीतरी आहे

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. निदान सगळे तसं म्हणतात. मला स्वतःला मात्र 'जुना' म्हणजे नेमकं काय, हे अजून उमगलेलं नाही. माझं शटर उघडतं आणि बंद होतं. आतला आरसा उचलला जातो आणि पुन्हा जागेवर येतो. समोरचा प्रकाश मी पहिल्या दिवशी जसा मोजत होतो, तसाच आजही मोजतो. मी बदललो नाही. माझ्याभोवतीचे कॅमेरे बदलले. तेवढ्याने कोणी जुना होतो का? होत असेल. मी ठामपणे सांगू शकत नाही.

आणखी एक अडचण आधीच सांगून टाकतो. आजवर काढलेल्या फोटोंपैकी मी फक्त एकच पाहिला आहे, आणि तोही मला ओळखू आला नाही. कारण सोपं आहे. माझा डोळा पुढे आहे आणि फोटो दाखवणारा लहान पडदा माझ्या पाठीवर आहे. स्वतःची पाठ कोणाला दिसते? मी प्रकाश मोजतो, त्याचे आकडे करतो, ते कार्डात ठेवतो, आणि माझं काम संपतं. फोटो चांगला आला की वाईट, हे मला पाठीमागच्या माणसाच्या आवाजावरूनच ओळखावं लागतं. ही पद्धत फारशी भरवशाची नाही, हे तुम्हाला पुढे दिसेलच.

कारखान्यातून निघून मी अकोल्याला आलो. जठारपेठेत शफीकभाईंचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी खोका उघडला आणि मला दोन्ही हातांत धरून म्हणाले, "क्या चीज है!" मला वाटलं, हे माझं नावच असावं. मग अनेक वर्षं आम्ही दोघं लग्नं करत फिरलो. म्हणजे लग्नं दुसऱ्यांची, फोटो आमचे. अकोला, मूर्तिजापूर, अचलपूर. कुठे हळद, कुठे निकाहानंतरचा वलीमा. गर्दी कितीही असो, शफीकभाईंचा हात स्थिर असायचा.

माझ्या डोक्याची रचना इथेच समजावून देतो, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथेच झाला. माझ्या डोक्यात एक छोटा फ्लॅश लपलेला आहे. अंधार असला की तो 'टक' असा आवाज करून वर येतो. त्याच्या मागे धातूची एक खाच आहे. तिच्यात बाहेरचा मोठा फ्लॅश सरकवून बसवता येतो. खाचेच्या कडेला एक बारीकसं बटण आहे. मोठा फ्लॅश बसला की ते दाबलं जातं. मग मी समजतो की डोक्यावर मोठा फ्लॅश आला, आणि छोट्याला वर येऊ देत नाही. हा नियम जन्मापासून माझ्यात आहे. त्यात काही चूक होऊ शकेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग शफीकभाईंकडे नवा कॅमेरा आला. आधी मी 'दुसरा कॅमेरा' झालो, नंतर पासपोर्टच्या फोटोंचा झालो, आणि शेवटी कपाटाचा झालो. कोणी मला टाकून दिलं नाही. फक्त कोणी उचललं नाही. या दोन्हींत काय फरक आहे, याचा मी कपाटात पुष्कळ विचार केला.

एक दिवस कपाट उघडलं. शफीकभाईंची मुलगी रुबीना अमरावतीला बीएस्सी करत होती. तिच्यासोबत तिची मैत्रीण आचल आली होती. आचल चांदूर रेल्वे या गावची. दोघींची परीक्षा नुकतीच संपली होती. आचलला फोटोग्राफी शिकायची होती आणि तिच्याकडे कॅमेरा नव्हता.

"घेऊन जा बेटा," शफीकभाई म्हणाले. "कपाटात पडून त्याचंबी मन लागत नसंन. पन एक शर्त हाये."

"कोणती, चाचा?"

"तुळशीचं लगन झालं का माहा सीझन लागते. त्याच्या आंधी मले एक फोटो आनून दाखव. एकच. मानसाचा. तो पाहून मले तुले काईच इचारा नाई लागलं पायजे. तसा आनला तं टीममधे घेतो, सोबत फिरून शिक. नाई आनला तं कॅमेरा वापस."

"अब्बा, हा इंटरव्ह्यू आहे का?" रुबीना म्हणाली.

"इंटरव्ह्यूच हाये. तू मधात नको बोलू."

मित्रांनो, म्हणजे आचलचं शिकणं आणि माझं कपाट, दोन्ही त्या एका फोटोवर येऊन ठेपलं.

चांदूर रेल्वेला आचलचं घर स्टेशनापासून जवळ होतं. वडील सूर्यभान शेती करायचे. आई सुभद्राबाई शिवणकाम करायच्या. त्यांची मशीन पुढच्या खोलीत दाराजवळ असायची. आचल मला घेऊन घरभर फिरायची. सुरुवातीला ती सगळं माझ्यावर सोडायची. अंधार दिसला की माझा छोटा फ्लॅश टक करून वर यायचा, लख्ख उजेड पडायचा, आणि ती म्हणायची, "आला!" मी समजायचो, ठीक चाललं आहे.

मग दसरा आला. त्या दिवशी वऱ्हाडात घरातल्या अवजारांची पूजा करतात. पाटावर विळे, सूर्यभानजींचा फवारणीचा पंप, सुभद्राबाईंची कात्री असं सगळं मांडलं होतं. आचलने मलाही पंपाशेजारी ठेवलं. मला फार बरं वाटलं. शफीकभाईंनी मला वर्षानुवर्षं पुसलं होतं, जपलं होतं, पण पाटावर मी पहिल्यांदाच बसलो.

"याच्या डोळ्याला कुंकू नको लावू, आई," आचल म्हणाली. "काच खराब होते."

"मले समजते ना वं. डोळ्याले कोनी लावते का कुंकू? कपाळाले लावते." असं म्हणून सुभद्राबाईंनी माझ्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं, आणि कुंकवात भिजलेल्या अक्षता डोक्यावर टाकल्या. चांगल्या मूठभर.

त्याच संध्याकाळी मला प्रथम जाणवलं, की माझ्या डोक्यावर मोठा फ्लॅश बसवला आहे.

मला शंका नव्हती. बटण दाबलेलं होतं, म्हणजे फ्लॅश होता. आचल दिव्याच्या उजेडात वडिलांचा फोटो काढू लागली. मी नियमाप्रमाणे छोट्याला खाली धरून ठेवलं आणि मोठ्याची वाट पाहिली. मोठा काही चमकला नाही. मग शटर बराच वेळ उघडं ठेवण्याखेरीज मला इलाज नव्हता. तेवढ्यात सूर्यभानजी शिंकले.

"बाबा! पूर्ण हलला."

"मी हाललो का कॅमेरा?"

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही. तिने बटणं दाबून पाहिली, बॅटरी काढून परत घातली. माझा फ्लॅश वर येत नव्हता. आणि मी आपला मोठा फ्लॅश कधी चमकेल, याची वाट पाहत होतो. तो गप्प का आहे, हे मला समजत नव्हतं. माझ्यावर रागावला असेल का? की त्यालाच मी जुना वाटत होतो?

कोजागिरीला आचलचा मामेभाऊ किशोर अमरावतीहून आला. त्याच्या गळ्यात नवा कोरा कॅमेरा होता, आत आरसा नसलेला, वजनाने हलका.

"हे काय बाप्पा?" मला उचलून तो म्हणाला. "ह्याच्यावर शिकून रायली तू? अवं, हे संग्रहालयात दे."

"शिकायला काय होते?"

"शिकाले होते, पन फोटो येत नाई ना! आपल्याले वाटते आपलीच चूक हाये. चूक कॅमेऱ्याची असते. मंग मानूस शिकनंच सोडून देते."

हे ऐकून मी विचारात पडलो, कारण त्याचं म्हणणं मला पटत होतं. शिकणाऱ्याला आपली चूक कोणती आणि यंत्राची कोणती, हे वेगळं करता आलं नाही, तर तो शिकणार कसा?

आचललाही हाच प्रश्न पडला असावा. ती म्हणाली, "दादा, असं बोलून नाही चालत. आपण करून पाहू. आई तीच, जागा तीच, वेळ तीच. फक्त कॅमेरा बदलायचा."

दुपारी सुभद्राबाईंना दारात बसवून आधी माझ्याकडून, मग किशोरच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. दिवे लागल्यावर आत बसवून पुन्हा तसंच. मग आचलने लॅपटॉपवर चारही फोटो आईसमोर ठेवले आणि कोणता कशाने काढला, ते सांगितलं नाही.

"कोणते चांगले आहेत, आई?"

सुभद्राबाईंनी बराच वेळ पाहिलं. "आतमधला हा एक बरा हाये. दुसऱ्यात मी भुतासारकी दिसून रायली."

"तो माहाच!" किशोर म्हणाला. "बरा आला तो."

"आणि दारातले दोन?"

"दोन्हीत मी सारकीच. पन तुनं मले पदर नीट कर म्हनावं होतं ना! चारही फोटोत असाच लोंबून रायला."

किशोर आपला विजय झाला म्हणून हसला. आचल हसली नाही. "दारातले तुलाही ओळखू येत नाहीत ना, कोणता कशाचा?" तिने विचारलं. किशोरने पडद्याजवळ नाक नेलं, एकाकडे बोट दाखवलं, मग दुसऱ्याकडे दाखवलं. "वाढवून पाहा लागंन," तो म्हणाला.

मित्रांनो, या प्रयोगातून काय सिद्ध झालं, हे मी आजही नीट सांगू शकत नाही. अंधारात मी हरलो, हे खरं. उजेडात हरलो नाही, हेही खरं. पण सुभद्राबाईंचा लोंबणारा पदर दोन्ही कॅमेऱ्यांना दिसला होता आणि आम्हा दोघांपैकी एकानेही तो सांगितला नव्हता. ते कोणाचं काम होतं?

किशोर गेला. आचलकडे फ्लॅश नव्हता, म्हणून तिला उजेडाच्या मागे जावं लागलं. ती मशीनजवळ बसून राहायची. आई काय शिवते आणि तिचा चेहरा कसा दिसतो, ते पाहत राहायची. असंच पाहताना एका दुपारी ती अचानक म्हणाली, "आई, हे पांढरं कापड बाजूला ठेव आणि तो काळा ब्लाउज घे बरं."

"काहून?"

"घे तर."

सुभद्राबाईंनी काळा ब्लाउज मशीनवर घेतला. त्यांचा चेहरा विझल्यासारखा झाला. मग पांढरं घेतलं. चेहरा उजळला. मी तो प्रकाश मोजून पाहिला. फरक खरोखर मोठा होता. दारातलं ऊन पांढऱ्या कापडावर पडत होतं आणि कापडावरून सुभद्राबाईंच्या हनुवटीखाली, गालांवर, डोळ्यांत जात होतं.

"आई, तुझ्या मांडीवरच लाइट आहे!"

"असंन. पन ते कुर्ते मले आज देवा लागते."

ते कुर्ते मोझरीच्या आश्रमात भरणाऱ्या पुण्यतिथी महोत्सवाला निघालेल्या भजनी मंडळाचे होते. मंडळाचे नत्थुजी सकाळपासून चकरा मारत होते. आता ते येऊन थेट दारातच उभे राहिले.

"झाले का वैनी? गाडी येऊन रायली."

"शेवटच्याची बाही रायली भाऊ. बसा."

"बसाले टाइम कुटं हाये?"

"काका, थोडे बाजूला होता का?" आचल म्हणाली. "उजेड अडून राहिला."

"आता उजेडाचंबी भाडं घेते का हे पोट्टी?" नत्थुजी बाजूला सरकले. ऊन आत आलं. सुभद्राबाईंनी बाही संपवली, दोरा दातांत धरला, आणि तो तोडता तोडता दाराकडे पाहिलं. आचलने श्वास रोखला. मी शटर उघडलं आणि मिटलं.

मग ती माझ्या पाठीकडे पाहत राहिली. 'आला' म्हणाली नाही, 'हलला' म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. आवाजावरून ओळखायची माझी पद्धत तिथे निरुपयोगी ठरली. मी समजलो, फोटो वाईट आला.

दिवाळीत किशोर पुन्हा आला. आचलने त्याला तो फोटो दाखवला. "चांगला हाये," तो म्हणाला, "पन अर्धं तोंड काळं आलं. असं कर, हा माहा कॅमेरा आठ दिवस ठेव. याच्यावर काढ आन चाचाले दाखव. तुयशीच्या लग्नाले आता दिवस कुटं रायले? तो जुना वापस देऊन टाक."

आचलने दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "माझंच चुकते का याचं, हेच कळत नाही," ती शेवटी म्हणाली. "जाऊ दे. ठेव तुझा इथे."

मला वाईट वाटलं, पण चूक तिची झाली असं म्हणवेना. मोठा फ्लॅश डोक्यावर घेऊन मी तीन आठवडे नुसता बसून होतो. असा कॅमेरा काय कामाचा?

"दुसऱ्याची वस्तू वापस देतो तं पुसून देवा लागते," सुभद्राबाई म्हणाल्या आणि मऊ कापड घेऊन बसल्या. त्यांनी माझी पाठ पुसली, कपाळ पुसलं, मग डोक्यावरून कापड फिरवलं. कापड लाल झालं.

"अगं माय! ह्याले रक्त निंगालं का?"

आचलने कापड पाहिलं. मग मला दाराकडे नेलं आणि माझ्या डोक्यावरची खाच उजेडात धरली. "आई, मशीनची सुई दे बरं." सुईचं टोक खाचेत गेलं. काहीतरी हललं. बटणाच्या बाजूला, कुंकवाने चिकटून घट्ट बसलेला, तांदळाचा एक लाल दाणा बाहेर पडला.

त्या क्षणी माझ्या डोक्यावरचा मोठा फ्लॅश नाहीसा झाला.

आचलने बटण दाबलं. टक! छोटा फ्लॅश वर आला.

"दसऱ्याची अक्षत!" ती ओरडली. "आई, तू याला तीन आठवडे बांधून ठेवलं!"

"मी? मी तं पूजा केली!"

"आत्याबाई, पूजाच भारी पडली," किशोर हसून हसून खाली बसला.

आचल आधी हसली, मग चिडली, मग एकदम थांबली. "आई, मशीनवर बस. तशीच. पांढरं काहीतरी घे." मोझरीचे कुर्ते कधीच गेले होते, म्हणून सुभद्राबाईंनी उशीचा अभ्रा घेतला. तीच जागा, तीच दुपार, तेच दार. फक्त या वेळी माझा फ्लॅश चमकला. आचलने तो फोटो पाहिला. मग आधीचा कुर्त्यांचा पाहिला. मग पुन्हा नवा.

"दादा, बघ."

किशोरने दोन्ही फोटो आलटून पालटून पाहिले. "याच्यात पूर्ण तोंड दिसते," तो नव्या फोटोबद्दल म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "पन त्याच्यात आत्याबाई दिसते."

आचलने अंगठ्याने माझा फ्लॅश हळूच खाली दाबला.

"आता चालू झाला तं बंद काहून करून रायली?" किशोरने विचारलं.

"लागला की काढीन," ती म्हणाली. किशोरचा कॅमेरा तिने त्याच्या पिशवीत परत ठेवला.

दोन दिवसांनी आम्ही आगगाडीने अकोल्याला गेलो. जठारपेठेतल्या स्टुडिओत शफीकभाईंनी मला उलटं धरलं आणि माझ्या पाठीकडे पाहिलं. रुबीना आणि आचल समोर उभ्या होत्या. मला त्या दोघींचेच चेहरे दिसत होते.

"एकसारख्या पांढऱ्या कुर्त्यांची थप्पी. मोझरीचे कुर्ते होय हे," शफीकभाई म्हणाले. ते विचारत नव्हते, नुसतं सांगत होते. "आन नजर दाराकडे हाये, म्हंजे गिऱ्हाईक दारात उभं हाये. कैची बाजूलेच पडली, पन उचलाले टाइम नाई, म्हनून दोरा दातानं तोडून रायली." ते थांबले. "हे तुयी आई होय."

"हो, चाचा."

"मी इचारलं नाई तुले."

रुबीनाने टाळी वाजवली. "अब्बा, पास?"

"तुळशीचं लगन झालं का ये," ते आचलला म्हणाले. "रातच्या हॉलमधे याचं काम नाई, तिथं माहा नवा देईन. पन हा तुह्याजवळच ठेव. अजून तुले लय शिकाचं हाये, आन ह्यालेबी कपाटात गमत नाई."

म्हणजे मी पुरेसा होतो आणि अपुराही होतो. दोन्ही एकाच वाक्यात. परतीच्या गाडीत मी यावर विचार करत आलो. तो दाणा अडकला नसता, तर आचल दाराशी बसली असती का? की नव्या कॅमेऱ्यानेही ती कधीतरी तिथेच येऊन पोचली असती? हा प्रयोग पुन्हा करता येणार नाही. म्हणून मला माहीत नाही.

आचलने तो फोटो मोठा करून मशीनच्या वर भिंतीवर लावला. मला तिने समोरच्या खुंटीला टांगलं. मी पाहिलं तर सुभद्राबाई दोन ठिकाणी बसल्या होत्या, एक खाली, एक वर, आणि वरच्या काही केल्या हलत नव्हत्या. मी घाबरलो. पुष्कळ दिवसांनी आचल कोणाला तरी म्हणाली, "हा यानेच काढला," तेव्हा कुठे मला समजलं. मित्रांनो, आपलंच काम समोर असून ओळखू येत नाही, असं तुमचंही होतं का?

एवढं मात्र तुमच्याकडे मागतो. एखादी वस्तू चालेनाशी झाली की लगेच ती जुनी झाली, असं म्हणू नका. तिला उजेडात धरा, तिच्या खाचा पाहा. ती खोटं बोलत नसते. तिलाही काहीतरी चुकीचं कळलेलं असतं. आणि तुमचं चुकलं, तरी सगळं तुमचंच चुकलं, असंही लगेच ठरवू नका.

यंदाच्या दसऱ्याला मी पुन्हा पाटावर बसलो. शेजारी फवारणीचा पंप होता, कात्री होती, आणि किशोरने हौसेने आणून ठेवलेला त्याचा कॅमेराही होता. सुभद्राबाईंनी अक्षतांची मूठ उचलली.

"आई, थांब! गळ्याच्या पट्ट्यावर टाक, पट्ट्यावर," म्हणत आचलने आपले दोन्ही तळहात आम्हा दोघांवर पालथे धरले. अक्षता तिच्या बोटांवर पडल्या आणि पाटावर सांडल्या.

माझ्या डोक्यावर काहीतरी आहे, असं मला पुन्हा वाटलं. या वेळी ते खरं होतं.